तेवीस तांबडे चौकोन

लॅपटॉप उघडला आणि आईच्या जागी तांबडे चौकोन दिसले. एक नव्हे, तेवीस. प्रत्येकावर एकच वाक्य : फाइल सापडत नाही. मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, मशीन बंद करून चालू केलं, चार्जरची पिन काढून तिच्यावर फुंकरसुद्धा मारली. चौकोन तांबडेच राहिले. मग मी खुर्चीत मागे टेकले आणि मनात म्हटलं, हे माझ्या भावजयीचं काम.

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणते, ती माझी नोकरी होती. पेडण्यातल्या एका कचेरीत मी तीस वर्षं कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं सांभाळली. कुणी जन्मतारीख खोडून वर्ष कमी केलंय, कुणी रजेचा अर्ज मागाहून घुसडलाय, हे मला शाईच्या रंगावरून कळायचं. एखादा माणूस वारला की त्याच दिवशी त्याची फाइल काढून नावाआधी लाल शाईने ‘कै.’ लिहायचं, ही माझी शिस्त. ते लिहिल्याशिवाय मला त्या फायलीकडे बघवत नसे. निवृत्त झाले तरी डोळे तसेच राहिले.

आई नार्व्याला, माझ्या धाकट्या भावाकडे असायची. गेल्या ज्येष्ठात ती गेली. शेवटची दोन वर्षं तिला काही आठवत नसे. मी एक रविवार सोडून एक रविवार जायची आणि फोनवर तिचे व्हिडिओ घ्यायची. फोन भरला तेव्हा सगळे लॅपटॉपवर उतरवले आणि फोनमधले काढून टाकले. म्हणजे आईचा आवाज या जगात कुठे असेल तर त्या लॅपटॉपवर. त्यातूनच बारा मिनिटांची एक फिल्म करायची आणि वर्षश्राद्धाला जेवणं झाली की भावाच्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायची, असं मी ठरवलं होतं. दिवस उरले होते नऊ.

फिल्म करणं मी स्वतःच शिकत होते आणि त्या प्रोग्रॅमवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. फोन उभा धरून घेतलेल्या व्हिडिओंना तो दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या लावायचा. मला त्या दाराच्या अर्धवट फळ्यांसारख्या दिसायच्या. मग चित्र मोठं केलं की पडदा भरतो हे कळलं, आणि मी सगळे तुकडे ताणून मोठे केले. वरचं छप्पर गेलं, खालचा बाक गेला, मधे आईचा चेहरा राहिला. मला तेवढाच हवा होता. एकदा अर्धी फिल्म पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावली तर काहीच दिसेना. ज्याच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला त्या म्हापशाच्या दुकानदाराला मी मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी झाले. दोन दिवसांनी समजलं की मी फिल्म बाहेर काढलीच नव्हती, प्रोग्रॅमची नुसती कामाची वही, म्हणजे प्रोजेक्ट फाइल, उचलून नेली होती. दुकानदाराची माफी काही मागितली नाही. त्याला ठाऊकच नव्हतं, मग मागायची कशाला?

त्या तेवीस तुकड्यांत एक तुकडा असा होता की तो फिल्ममध्ये जाणार नव्हता, पण मी तो काढूनही टाकत नव्हते. त्यात आई जनेलापाशी, खिडकीशी बसली आहे आणि म्हणते, ‘माका कोण जेवूक घालीत नाय.’ एवढंच. डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईचं बोलणं, असं मी स्वतःला सांगायची. आणि पुन्हा पुन्हा लावून ऐकायची. आईचं मनगट किती बारीक झालं होतं ते बघायची. आईला जेवण द्यायचं काम भावजयीचं होतं. मी तिला कधी काही विचारलं नाही. पण पुरावा आपल्याकडे असलेला बरा, असं मला वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

मे महिन्यात भावाच्या फोनमधले आईचे फोटो घ्यायला मी लॅपटॉप घेऊन नार्व्याला गेले. निघताना भावजयीने एक फणस आणि दोन पिशव्या भरून रातांबे हातात दिले. म्हणाली, ‘ताई, दोन बशी बदलून जातल्यात, तेतूर ह्यां मशीन खंय घेतल्यात? र्‍हवांदे. हे हाडून देतले.’ भाऊ कामासाठी पेडण्याकडे यायचाच होता, म्हणून मी लॅपटॉप तिथेच ठेवला. मी फणस खांद्याशी धरून डिचोली, तिथून म्हापसा, तिथून पेडणं अशी घरी आले. तीन दिवसांनी भावाने लॅपटॉप आणून दिला. मी उघडला तर हे तांबडे चौकोन.

आता मला सगळं लख्ख दिसू लागलं. फणस कशाला दिला? इतक्या वर्षांत एवढा मोठा फणस कधी दिला नव्हता. लॅपटॉप मागे राहावा म्हणूनच दिला. तीन दिवस मशीन तिच्या ताब्यात होतं. तिने तो तुकडा पाहिला, आणि एकच काढला तर कळेल म्हणून सगळेच काढले. कचेरीत एक पान फाडणारा माणूस अख्खं सेवापुस्तकच गहाळ करतो, हे मी पाहिलेलं होतं. कापलेल्या फणसाचा वास घरभर सुटला होता आणि मी एक गराही तोंडात घातला नाही.

मी तिला फोन लावला.

‘लॅपटॉप उघडलेलास काय गो?’

ती म्हणाली, ‘होय ताई. एकदाच. आईचो आवाज ऐकूचो होतो.’

‘मग?’

‘मग काय? बंद केलंय.’

तिचा आवाज खाली गेला होता. गुन्हेगाराचा जातो तसा, असं मला वाटलं. मी विचारलं, ‘तू त्यातलं काय काढून टाकलंस?’

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘माका ता जमता तरी काय, ताई?’ आणि पुढे, ‘वर्साच्या दिसाक तुमी येतल्यात मगे?’

मी हो-नाही न करता फोन ठेवला. तिने उत्तर टाळलं, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्या तांबड्या चौकोनांसमोर बसले. रडू आलं होतं, रागही होता. एका चौकोनावर चुकून उजवं बटण दाबलं गेलं तर एक यादी उघडली. तिच्यात ‘फाइल शोधा’ असं होतं. ते दाबल्यावर प्रोग्रॅमने मला तो कुठे शोधतोय ते दाखवलं : डी ड्राइव्ह, त्यात ‘आई’ नावाचं फोल्डर. मी डी ड्राइव्ह उघडलं. ‘आई’ नावाचं फोल्डर तिथे नव्हतं. ‘कै. आई’ नावाचं होतं.

आत तेवीसच्या तेवीस व्हिडिओ होते.

मी बराच वेळ त्या ‘कै.’कडे बघत बसले. त्यापुढचं टिंब, टिंबापुढे सोडलेली एका अक्षराची जागा. असं लिहिणारी आमच्या घराण्यात मी एकटीच. मग आठवलं. नार्व्याला जायच्या आदल्या दिवशी मी वर्षश्राद्धाचं निमंत्रण टाइप केलं होतं. ते ठेवायला ते फोल्डर उघडलं आणि नुसतं ‘आई’ वाचून बरं वाटेना. वर्ष होत आलं तरी हिच्या नावाआधी काही नाही, हे मला कचेरीतली राहून गेलेली नोंद वाटली. मी ती पुरी केली. फिल्मच्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ राहत नसतात, तो फक्त त्यांचा पत्ता लिहून ठेवतो, हे मला कुठे ठाऊक होतं? नाव मी बदललं आणि तो बिचारा जुन्या नावाने आईला शोधत बसला.

नवा पत्ता दाखवला तसे चौकोन एकेक करून भरले. आई आली. बाकावर बसलेली, शेवग्याच्या शेंगा सोलणारी, माझ्याकडे अनोळखी नजरेने बघून हसणारी. मला हायसं वाटलं, आणि मागोमाग तो तुकडा ऐकायची खोडही आली. या खेपेला फोल्डर उघडंच होतं म्हणून मी तो तिथूनच लावला, प्रोग्रॅममध्ये ताणलेला नव्हे, मूळचा. काळ्या पट्ट्यांसकट, उभा, पुरा.

आई जनेलापाशी. खाली, जो भाग मी ताणून बाहेर घालवला होता तिथे, पेजेची वाटी धरलेला हात. हिरव्या बांगड्या. दुसऱ्या हातातला चमचा आईच्या तोंडाशी. आईच्या हनुवटीला पेज लागलेली, ती त्याच हाताने पदराचं टोक घेऊन पुसली. व्हिडिओ मीच घेतला होता, पण मी आईच्या तोंडाकडे बघत होते आणि पुढे वर्षभर तेवढंच बघत राहिले. आणि आईच्या वाक्याच्या आधी माझा आवाज होता. तो मी फाटलेला म्हणून कापला होता. मी विचारत होते, ‘आई, जेवूक मेळता मगे तुका वेळार? पोटभर?’

आईने उत्तर दिलं ते त्याला. पण चमचा थांबला होता तो आईच्या उत्तराने नव्हे, माझ्या प्रश्नाने. तो हवेत तसाच राहिला. मला पुढे बघवेना. मी बंद केलं.

म्हणजे भावजय तिथे होती. हाताच्या अंतरावर बसून तिने ते ऐकलं होतं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मला चहा दिला होता.

वर्षश्राद्धाला मी आदल्या दिवशीच गेले. त्याआधी फिल्ममध्ये काळ्या पट्ट्या परत आणल्या, जिथे जिथे भावजयीचा हात होता तिथे तो ठेवला, आणि कापलेले तिचे आवाजही घातले. ‘आई, हयसर बघा’, ‘आई, कोण इला बघा’ असं ती मागून सांगत असायची, म्हणून तर आई माझ्याकडे बघायची. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी फिल्म पाहिली. भाऊ रडला. भावजय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि शेवट व्हायच्या आधीच आत गेली.

मी मागोमाग गेले. ती केळीची पानं गोळा करत होती. मी म्हटलं, ‘फोल्डराचं नाव मीच बदललेलं. तू काही केलं नव्हतंस. मी तुझ्यावर उगाच संशय घेतला.’

ती पानं तशीच हातात धरून म्हणाली, ‘मी उघडलंय तेव्हा तांबडांच दिसलां, ताई. माका वाटलां, मी बघूक नये म्हणान तुमी बंद करून ठेवलंत.’

फोनवर तिने हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं कुठे होतं, मी तर उलटतपासणी घेत होते.

मग तिने हळूच विचारलं, ‘आनी तो पेजेचो? तो आसा?’

मला वाटलं, आता ती म्हणणार, काढून टाका. मी म्हटलं, ‘आहे. तू सांगशील तर आत्ता पुसते.’

‘पुसू नकात,’ ती म्हणाली. ‘त्या दिसाक आईन पुरी वाटी संपवल्यान. तेच्यानंतर कधी तशी जेवली नाय.’

पेडण्याला परत आल्यावर मी तो तुकडा प्रथमच शेवटपर्यंत पाहिला. चमचा थांबतो, मग पुन्हा चालू लागतो. आई एकेक घास घेते. शेवटी तो हात वाटी तिरकी करून माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे दाखवतो. वाटी रिकामी आहे, आणि ती दिसते न दिसते तोच मी फोन खाली घेते.