लुबाबामावशीची दुआ

सिफ्फीनच्या लढाईहून कूफ्याला परतताना लुबाबामावशी आणि मी नदीकाठाने चालत होतो. मावशीचा थोरला मिहसन आमच्या सैन्यात लढला, धाकटा हुजैर समोरच्या, शाम देशाच्या. आमच्या टोळीतली कितीतरी घरं अशीच दुभंगली होती. लढाई थांबली की दोन्हीकडची माणसं आपापले मुडदे पुरायला यायची. तेव्हा मावशी पाणी घेऊन जायची आणि दोघांनाही बघून यायची. अल्लाहने दोघंही राखले.

"तुझी दुआ कुठल्या बाजूची गं?" बायका टोचायच्या.

"दूध पाजताना बाजू विचारली नव्हती, आता कशाला विचारू?" ती म्हणायची.

मिहसन मात्र भावाचं नावही तोंडातून काढत नव्हता. मावशीला तेच खात होतं. वाटेत धाप लागून ती खजुरीखाली टेकली.

टोळीतल्या बायकांच्या मयताला अंघोळ मी घालते. माझा हात धरून ती म्हणाली, "पोरी, मलाही तूच न्हाऊ घालशील. मग मिहसन उचलायला येईल. तू दार अडवून उभी राहा. त्याने हुजैरचं नाव घेऊन दुआ मागितल्याशिवाय मला उचलू देऊ नकोस."