रुझित्साने सांगितलेली मालिका

सर्बियातल्या पिरोत गावातल्या त्या चार मजली इमारतीत संध्याकाळी कुणी काय बघायचं, हे रुझित्सा ठरवायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. नवरा वारला होता, मुलगा व्हिएन्नाला, आणि कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी संपलेली. मग नवी मालिका सुरू झाली की पहिले काही भाग ती परीक्षकासारखी ताठ बसून बघायची आणि सकाळच्या कॉफीला निकाल द्यायची. निकालही सगळ्यांना सारखा नसायचा. वरच्या मजल्यावरच्या स्तानियाला रक्त बघवत नसे, तिला रुझित्सा सांगायची, "ही तू खुशाल बघ. यात मरतात ते सगळे अंथरुणात मरतात, धुतलेल्या चादरीवर." एक शेजारीण सुनेशी भांडून आलेली असायची. तिने सासू-सुनेची मालिका विचारली की ही म्हणायची, "कशाला? तुझ्याकडे घरातच चालू आहे की, जाहिरातींशिवाय!"

कुणाला काय झेपेल हे तिला कळतं, असं सगळ्याजणी म्हणत. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

समोरच्या दारात बोसिल्का राहायची. बोसिल्काच्या लग्नात नगरपालिकेत साक्षीदार म्हणून रुझित्सा उभी राहिली होती आणि तेव्हापासून त्या एकमेकींच्या कुमा झाल्या. हे नातं मैत्रीच्या वरचं. बहिणीशी भांडता येतं, कुमेशी नाही. लग्नाला जी साक्ष राहते तिनेच पुढे त्या घरातलं मूल बाप्तिस्म्याला हातावर घ्यायचं, आणि त्या मुलाचं मूलही. बोसिल्काची लेक स्लाविका रुझित्सानेच हातावर घेतली होती. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना नावाने हाक मारली नव्हती. "कुमा, कॉफी ओतली गं!" एवढं जिन्यात ऐकू आलं की समजायचं, सकाळ झाली.

त्या शरदात गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रुझित्साला डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवलं. तिथल्या उपाहारगृहात, खिडकीजवळच्या टेबलाशी, तिला झिवोता दिसला. झिवोता म्हणजे बोसिल्काचा नवरा. तो तर गावाकडच्या घरी, आपल्या मधमाश्यांपाशी असायला हवा होता. हल्ली सारखा तिकडेच असे. पायात आंघोळीच्या सपाता घालून तो एका परक्या बाईसाठी संत्रं सोलत होता. नुसतं सोलत नव्हता, एकेका फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढून फोडी तिच्या बशीत ठेवत होता. घरी या माणसाने कधी स्वतःसाठी पाण्याचा पेला भरून घेतलेला रुझित्साने पाहिला नव्हता. ती आल्या पावली मागे फिरली.

उपचारांचे दिवस संपल्यावर परतीच्या बसमध्ये तिने वाक्यं जुळवली. घरी पोचल्यावर पिशवीसुद्धा खाली न ठेवता तिने समोरची बेल वाजवली. बोसिल्काने पिठाच्या हातांनी दार उघडलं, आत बानित्सासाठी, चीज भरून भाजायच्या पदार्थासाठी, पातळ पाऱ्या लाटून टेबलभर पसरलेल्या.

"ये ये, कुमा! पाय काय म्हणतात? झिवोता कालच आला बघ मधमाश्यांकडून. अगं, गाल कसे लाल झालेत त्याचे. डोंगराची हवा ती डोंगराची हवा!"

तिचा चेहरा इतका भोळा होता की बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य रुझित्साला म्हणवेना. एका वाक्यात या बाईचं घर खाली यायचं होतं, आणि ते वाक्य आपल्या तोंडून निघायचं होतं. मग तिने तेच केलं जे तिला येत होतं.

"कुमा," ती म्हणाली, "नवी तुर्की मालिका लागली आहे. तू बघच. तुझ्यासाठीच आहे."

मालिकेत एक डॉक्टर होता. त्याची एक होडी होती. सुट्टी आली की तो मासे धरायला जायचा आणि त्याची बायको नेरिमान त्याला डबा भरून द्यायची. मासा घरी कधी येत नसे. रुझित्साचा हिशोब साधा होता. बोसिल्का आपल्या खुर्चीत, मांडीवर पांघरूण घेऊन बघेल, आणि कधीतरी तिचं तिलाच उमजेल. कुणाला काही बोलावं लागणार नाही.

बोसिल्काला मालिका भलतीच आवडली.

"काय बाई आहे का लाकडाचा ओंडका?" दुसऱ्या आठवड्यात ती कॉफीवर म्हणाली. "होडी कोरडी, जाळं कोरडं, आणि ही विचारते, आज मासे कसे होते! अशा बाईला फसवलं नाही तर काय पूजा करायची?"

"तिचा विश्वास आहे त्याच्यावर," रुझित्सा हळूच म्हणाली.

"विश्वास कसला, झोप आहे ती! डोळे उघडे ठेवून घेतलेली."

त्याच सकाळी तिने झिवोताला पाव आणि डुकराचं सुकं मांस फडक्यात बांधून दिलं होतं. त्या वर्षी मध निघाला नव्हता. अकेशियाची झाडं फुलायच्या वेळीच पाऊस लागला, असं झिवोताने सांगितलं आणि बोसिल्काने ते जिनाभर सांगितलं. रुझित्सा कपातला गाळ ढवळत बसली. आता कळेल, आता कळेल असं करत आठवडे गेले. उलट बोसिल्कानेच ती मालिका सगळ्यांच्या मागे लावून दिली. "रुझित्साकुमाने सांगितली आहे, म्हणजे बघाच!" सगळ्याजणी बघू लागल्या, आणि एका सकाळी बोसिल्का नेरिमानची नक्कल करत, काल्पनिक डबा हातात धरून स्वयंपाकघरभर मुरडत फिरली, तेव्हा ती सोडून कुणीच हसलं नाही. पिरोत काही मोठं गाव नव्हे. बाजारात लोक बोलत होते.

स्तानियाने रुझित्साला जिन्यात गाठलं. "तुला ठाऊक आहे ना?"

"काय?"

"माझ्याशी नाटक नको गं. मी बोलले तर चहाडी होईल. तू तिची कुमा आहेस, तूच सांग."

"पुढच्या काही भागांत नेरिमानला कळणार आहे," रुझित्सा म्हणाली. "तेवढं होऊ दे. मग तिला आपोआप..."

"अगं बाई, ती मालिका तुर्कस्तानात लिहितात! झिवोता इथे राहतो!"

नेरिमानला कळायच्या आधीच झिवोता घर सोडून गेला. जेवताना, सूप संपल्यावर, त्याने बायकोला सांगितलं आणि बॅग घेऊन निघाला. बॅग आधीच भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी बोसिल्का समोर आली. उंबऱ्याशी चपला काढायची तिची सवय, पण त्या दिवशी ती तशीच आत आली आणि गालिच्यावर उभी राहिली.

"कधीपासून ठाऊक होतं?"

रुझित्साला खोटं बोलता आलं नाही. "झऱ्यांवर गेले होते तेव्हापासून."

"म्हणजे मालिकेच्या आधीपासून."

"कुमा, मला वाटलं, हळूहळू कळलं तर कमी लागेल."

"त्या बाईला मी मूर्ख म्हणाले. रोज म्हणाले. तुम्हा सगळ्यांसमोर तिची नक्कल केली मी, आणि तू माझ्या कपात कॉफी ओतत होतीस." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "झिवोताने मला एका बाईसमोर खाली पाहायला लावलं. तू अख्ख्या जिन्यासमोर."

"तुझं हसं व्हावं म्हणून नव्हतं गं ते. देवाशपथ."

"साक्षीला तू होतीस ना? लग्न लागताना तू बघितलंस आणि मोडतानाही तूच बघितलंस. तेव्हा सही केलीस. आता काय केलंस? मालिका सुचवलीस."

"कुमा..."

"त्या नावाने हाक मारू नकोस."

त्यानंतर जिन्यात भेट झाली की बोसिल्का मान तुकवायची. "नमस्कार, शेजारीणबाई. तुमचा जिना पुसायचा वार उद्या आहे." अहो-जाहोने, अगदी नीट. शिवी दिली असती तर रुझित्साने ती ओच्यात बांधून घरी नेली असती. बाकीच्या बायका अजून विचारायच्या, रात्री काय लावू? ती म्हणायची, "तुझं तू बघ गं."

वसंतात स्लाविकाला मुलगा झाला. रुझित्साने, न विचारता, बाप्तिस्म्याचं पांढरं कापड आणि छोटा चांदीचा क्रूस घेऊन ठेवला, कारण ते कुमेने आणायचं असतं. कापडाच्या कडेला तिने जाळीची विणही घातली. बोलावणं आलं नाही. स्लाविकाचा फोन आला तो रडतच. "आई म्हणते, दुसरं कुणी उभं राहील. मी खूप सांगितलं हो, पण ती म्हणते, मग मी चर्चच्या बाहेर उभी राहते. काय करू मी?"

"आईला आत उभी कर," रुझित्सा म्हणाली. "अशा दिवशी नातवाची आजी बाहेर कशी राहील?" आणि फोन ठेवला.

तो रविवार तिने घरातच काढला. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, टाचांचे बूट जिना उतरून गेले, गाडीची दारं लागली. तिने दोनदा कॉफी केली आणि दोनदा ओतून दिली. दुपारी स्तानिया आली, फुलाफुलांच्या पोशाखात, रुमालात केकचा तुकडा घेऊन. टेबलावर तो ठेवून ती बसली.

"रडला का?" रुझित्साने विचारलं.

"पाणी लागल्यावर थोडासा. मग गप्प झाला."

"कुणी घेतलं होतं?"

"जावयाच्या मावसबहिणीने. निश शहरातून आली होती. तरुण आहे बिचारी, हात थरथरत होते तिचे."

रुझित्साचे दोन्ही हात टेबलावर होते. तिने ते उलटे केले, तळवे वर, आणि जरा जवळ आणले.

"मान धरली होती ना तिने? मानेखाली हात घ्यायचा असतो. लहान असतो गं जीव."

"धरली होती, रुझित्सा," स्तानिया म्हणाली. "नीट धरली होती."