बाबांचं शुद्ध मराठी

जगात शुद्ध मराठी बोलणारी फक्त दोनच माणसं उरली आहेत, असं माझ्या बाबांचं ठाम मत होतं. त्यातलं एक म्हणजे ते स्वतः. दुसरं कोण असं विचारलं, की ते म्हणायचे, "शोधतो आहे." पुण्याचं मराठी इंग्रजीने खाल्लं, मुंबईचं हिंदीने चावून टाकलं, तेव्हा अस्सल माल शिल्लक राहिला तो बडोद्यात, आणि बडोद्यातही मुख्यतः दांडिया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. आमचे पणजोबा संस्थानात कारकून होते. बाबांच्या बोलण्यात मात्र ते हळूहळू दिवाणांच्या शेजारी जाऊन बसायचे आणि दिवाण त्यांना ऱ्हस्वदीर्घ विचारायचे. बाबा स्वतः एका गुजराती शाळेत भूमिती शिकवत. दिवसभर गुजरातीतून त्रिकोण आखून संध्याकाळी घरी आलं, की दारात चपलांबरोबर गुजरातीही काढून ठेवतो, असं ते अभिमानाने सांगायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "चपला तेवढ्या निघतात."

बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा असायचा. तो शाळेसाठी होता असं वाटेल, पण त्याचा खरा उपयोग शाळेबाहेर होत असे. आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले, तेव्हा शोकसभेच्या फळ्यावर कुणीतरी 'दुखद निधन' असं लिहिलं होतं. बाबा हातात फुलं घेऊन उभे होते. त्यांनी फुलं माझ्याकडे दिली, खडू काढला, 'दु'पुढे दोन ठसठशीत टिंबं दिली आणि मग फुलं परत घेऊन पुढे गेले. मागून येणाऱ्यांना हा काहीतरी जुना विधी असावा असं वाटलं असणार, कारण त्यांतल्या दोघांनी फळ्याला हात लावून नमस्कार केला. घरी आल्यावर आई चिडली. बाबा शांतपणे म्हणाले, "विसर्गाशिवायचं दुःख वरवरचं असतं." लग्नात तर ते फारच धोकादायक असायचे. एकाच्या पत्रिकेत 'आशिर्वाद' असं छापलं होतं. बाबांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "आशीर्वादातला शी दीर्घ असतो. संसार दीर्घ व्हावा असं वाटत असेल, तर सुरुवात तिथून करा." तो बिचारा वाकून पाया पडला. नवरीला हसू आवरेना. आमचं जेवण मात्र त्या घरी पुढे कायमचं बंद झालं.

आता गंमत अशी, की हे सगळं करणारे आमचे बाबा घरात बोलायचे ते असं: "बारी बंद कर ने, माखी येतात." बारी म्हणजे खिडकी, माखी म्हणजे माशी आणि वाक्यामागचं 'ने' म्हणजे आपलं 'ना'. उशीला ते ओशीकं म्हणत, पातेल्याला तपेली म्हणत, आणि सहलीहून आले की त्यांना मजा 'यायची' नाही, 'पडायची'. मराठी माणसाला मजा पडते म्हणजे नेमकी कुठून पडते, हा प्रश्न मी शाळेत असताना त्यांना विचारला होता. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वरून पडले आहे. "बारी हा मूळचा आपलाच शब्द," ते म्हणाले, "गुजरात्यांनी तो आपल्याकडून नेला." आई म्हणाली, "हो, आणि बदल्यात आपल्याला खिडकी दिली वाटतं." बाबांचा हा सिद्धांत पायथागोरसपेक्षा पक्का होता: त्यांच्या तोंडून निघालेला शब्द मराठीच असणार, आणि शेजाऱ्याच्या तोंडी तोच आढळला तर त्याने तो उचललेला असणार.

म्हणूनच माझ्यासाठी पुण्याचं स्थळ आलं, तेव्हा आई धास्तावली होती. मुलगा आईवडिलांबरोबर आमच्याकडे आला. त्याने बडोद्याचा ओलसर लिलो चिवडा दोनदा मागून खाल्ला आणि बाबांचं संस्थानावरचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. आम्ही दोघं सयाजीबागेत फिरूनही आलो. मला तो आवडला होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही. त्याचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे, मनाने हळवे गृहस्थ होते. पुण्याला पोचल्यावर रविवारी त्यांनी फोन केला. बाबांनी स्पीकर लावला आणि आम्ही सगळे भोवती बसलो.

"आम्हाला मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "तुमचं काय मत आहे?"

बाबांना इतका आनंद झाला होता, की ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "फावेल, फावेल!" ते म्हणाले.

"बरं," पलीकडचा आवाज जरा बारीक झाला. "मग पुढच्या महिन्यात साखरपुडा..."

"फावेल ने! आम्हाला काय, कधीपण फावेल!"

"बरं," असं पुन्हा एकदा म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाबांनी आईला शिरा करायला सांगितला. बडोद्यात 'फावेल'चा अर्थ 'आम्हाला चालेल, आनंदाने चालेल' असा होतो, हे आम्हा सगळ्यांना इतकं माहीत होतं, की त्यात काही चुकलं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही शिरा खाल्ला.

पुण्याहून पुढे काहीच आलं नाही. आठवडा गेल्यावर मी न राहवून मुलाला मेसेज केला. त्याचा लगेच फोन आला. "तुमच्या बाबांना सवड नाही ना? 'कधीपण फावेल' म्हणाले ते, म्हणजे कधीतरी सवड मिळेल तेव्हा बघू, असंच ना? माझ्या बाबांना फार लागलं. ज्या घराला सवड नाही, त्या घराची कडी आपण का वाजवायची, असं म्हणतात." मी त्याला अर्थ समजावून सांगितला. तो इतका हसला, की मला हायसं वाटलं. पण थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला, आणि आता तो हसत नव्हता. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं, की मुलांनी सारवासारव करू नये. मुलीच्या वडिलांना खरंच लग्न हवं असेल, तर त्यांनी स्वतः तसं सांगावं.

मी बाबांना सांगितलं. ते ताठ बसले. "फावणे हे शुद्ध मराठी क्रियापद आहे. त्यांना मराठी येत नाही, तर त्याला मी काय करू?" आई म्हणाली, "अहो, पोरीचं लग्न आहे, व्याकरणाचा पेपर नाही." पण बाबा हलेनात. आपला शब्द चुकला असं एकदा म्हटलं, की पणजोबांपासून सगळंच कोसळेल, असं बहुधा त्यांना वाटत असावं.  मी खोलीत बसून रडले, हेही सांगून टाकते. माझ्या आणि माझ्या संसाराच्या मध्ये एक क्रियापद उभं होतं, आणि ते हलवणं फक्त त्याच माणसाच्या हातात होतं, ज्याने उभ्या आयुष्यात एक वेलांटीही सोडली नव्हती.

अखेर आईनेच खालच्या मजल्यावरच्या हसमुखकाकांना चहाला बोलावलं आणि बाबांसमोर सरळ विचारलं, की 'चालेल' या अर्थाचं 'फावणं' कुणाचं? काका खूश झाले. "साहेब, ए तो अमारो शब्द छे!" मग बाबांचा चेहरा पाहून ते ओशाळले आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "पण तमे राखो ने. घरनोज छे." म्हणजे ठेवून घ्या तुम्ही, घरचाच आहे.  बाबांनी हसमुखकाकांचा हात थोपटला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही बाबांनी शाळेत जायचे इस्त्रीचे कपडे घातले आणि फोन लावला. "नमस्कार. बडोद्याहून बोलतो. माझी चूक झाली. मी जो शब्द वापरला, तो त्या अर्थाने मराठी नाही, गुजराती आहे. आमच्या बोलण्यात तो कधी आला, ते मला कळलं नाही. मला 'हो' म्हणायचं होतं." इतकं सरळ, इतकं आखूड वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पलीकडून मोठ्याने हसणं आलं. "अहो, त्यात काय! आमच्या मराठीत तरी मराठी किती उरलंय? निम्मं इंग्रजीच!" पुण्याच्या माणसाच्या तोंडून ही कबुली ऐकायला बाबा जन्मभर थांबले होते. आता ते काय बोलतात म्हणून आई आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो. बाबा फक्त म्हणाले, "साखरपुड्याला कधी येऊ?"

लग्न झालं, मी पुण्याला आले. माझे सासरे आणि बाबा आता इतके मित्र झाले आहेत, की मला मधे बोलायला जागा मिळत नाही. पण त्या फोननंतर बाबांनी कुणाचंही मराठी सुधारलं नाही. खडू खिशातून गेला. आई म्हणते, "सुटलो बाई." असं म्हणताना तिचा आवाज सुटल्यासारखा येत नाही. मलाही ते फार टोचतं. मला नवरा मिळाला, त्याची किंमत बाबांनी त्यांच्याजवळच्या सगळ्यात लाडक्या वस्तूने भरली असं वाटतं. म्हणून हल्ली मी फोनवर मुद्दाम चुका करते. 'मजा केला' म्हणते, 'मी तिला बोलली' म्हणते. बाबा म्हणतात, "हो का? छान." परवा तर मी कहरच केला. "बाबा, माझा तब्येत एकदम बरा आहे," असं म्हटलं. त्यांच्या घशाशी काहीतरी आलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी वाट पाहिली.

"बरी आहेस ने?" ते म्हणाले. "मग झालं."

त्यातल्या 'बरी'वर त्यांनी किंचित जोर दिला होता, असं मी धरून चालले आहे.