सतरा गाठोड्यांची वाकळ

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं. कुठलीही गोष्ट हातात आली की आधी तिची वर्गवारी करायची, ही माझी खोड. त्याच खोडीपायी मी बायकोची वाकळ मोडली, आणि तीही ती गेल्यावर, म्हणजे भांडायलासुद्धा कोणी नाही.

बाकीचे जिला गोधडी म्हणतात, तिला आम्ही कोल्हापूरकडचे वाकळ म्हणतो. बायको गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिनं मुलीसाठी एक लावायला घेतली होती. जुन्या साड्यांच्या, परकरांच्या, माझ्या एका रेघांच्या शर्टाच्या पट्ट्या कापून झाल्या आणि शिवायच्या आत ती आजारी पडली. पट्ट्यांची सतरा लहान गाठोडी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, दिवाणाच्या पोटात तशीच राहिली. यंदा मुलगी बाळंतपणाला यायची होती. फोनवर म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. आईची ती वाकळ तेवढी शिवून ठेवा. आईनं लावलेली. बाळाला तीच पांघरायची." मी म्हटलं, त्यात काय एवढं.

लगेच कामाला लागलो. गाठी दुहेरी होत्या, सोडताना नखं दुखली. एवढ्या घट्ट गाठी मारायचं कारण काय, म्हणून बायकोवर चरफडलो. पट्ट्या चुरगळल्या होत्या, त्या एकेक करून इस्त्री केल्या. मग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत रंगाप्रमाणे लावल्या, लाल एकीकडे, निळ्या एकीकडे, हिरव्या, पिवळ्या आणि एका डब्यात 'इतर'. दोन दिवस गेले. डब्यांवर चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या.

तिसऱ्या दिवशी वाकळ शिवणाऱ्या मावशी आल्या. गारगोटीकडच्या, बायकोशी त्यांची जुनी ओळख. डबे बघून त्यांनी दिवाणाकडं नजर टाकली.

"सर, गठुळी कुठं हायती?"

"सोडली. सगळं नीट लावून ठेवलंय."

"नीट?" त्या खाली बसल्या. "वैनींनी माझ्यासमोर लावलंतं की सगळं. एका गठुळ्यात एक ओळ. पयली पट्टी तळाला, शेवटची वर. मी आपलं एकेक गठुळं सोडायचं न् शिवत जायचं."

"मग लिहून ठेवायचं होतं ना तिनं."

"लिवायचं कशाला? दुहेरी गाठ मारल्यालं गठुळं शिवणाऱ्यानंच सोडायचं असतंय. शाळंत न गेल्यालीला बी कळतंय ते."

मला राग आला. मावशींचा, बायकोचा आणि सर्वांत जास्त त्या इस्त्रीचा. कारण घड्यांच्या खुणा राहिल्या असत्या तर कुठली पट्टी कुठल्या गाठोड्यातली, याचा थोडा तरी माग लागला असता. त्या खुणा मी वाफ सोडून सोडून पुसल्या होत्या. त्यात मावशींनी निळ्यांचा डबा पालथा केला. "ह्यो चिंतामणी, ह्यो मोरपंखी, ह्यो पारवा. आन् ह्यो वांगी निळ्यात कसा आला, सर?" माझ्या वर्गात असं निरुत्तर झालेल्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं.

"मग आता तुम्हीच लावा," मी म्हटलं.

"टाकं मी घालीन. रंग घरच्यानं निवडायचा. माझ्या रंगाची वाकळ पायजे तर बाजारात मिळतीया." असं म्हणून, आठवड्यानं येते सांगून त्या गेल्या.

मी आठवायला बसलो. बायकोनं ह्याच हॉलमध्ये तीन दिवस फरशीवर पट्ट्या मांडल्या होत्या. मी त्या ओलांडत पेपर आणायला बाल्कनीत जायचो आणि घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरायचो. "अहो, अंजिरीला लागून काय घालू?" असं तिनं विचारलं होतं, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा तरी. "काहीही घाल, पांघरायचंच आहे ना," हे माझं उत्तर. तीन दिवस वाकळ डोळ्यांपुढे होती आणि मला तिच्यातली एक ओळ आठवत नव्हती. माझाच मला संताप आला.

फोन चाळता चाळता एक फोटो सापडला. त्या दिवसांत भिंतीला ओल आली होती, ती सोसायटीच्या अध्यक्षांना दाखवायला मी काढलेला. ओल अगदी स्पष्ट आलीय. खाली कडेला बायकोचं अर्धं मनगट आणि वाकळीचा एक कोपरा. चार पट्ट्या: अबोली, चिंतामणी, लिंबू आणि माझ्या शर्टाची. तिला फोटोत घ्यायचं मला सुचलंही नव्हतं, ती चुकून आली.

तेवढ्या चार मी फरशीवर ठेवल्या आणि उरलेल्या स्वतः लावायला घेतल्या. गुडघे गेले. दोन बरे रंग शेजारी ठेवले की भांडायचे, एक उचलावा तर सगळी ओळ बिघडायची. शेजारच्या बाई येऊन "थोडं ब्राइट हवं" म्हणून गेल्या, त्यांचे यजमान "सरसकट एकच रंग घ्या की" म्हणाले. मुलगी एक दिवसाआड विचारायची, "आईनं लावलंय तसंच चाललंय ना?" मी "चाललंय" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर फरशीवर परत बसायचो.

मावशींनी शिवून दिली. मुलगी आली, वाकळ मांडीवर घेऊन मधोमध हात फिरवत म्हणाली, "हे अंजिरीला हिरवं फक्त आईलाच सुचतं." तो हिरवा माझा होता. मला गप्प बसता आलं असतं. मी सगळं सांगितलं.

ती रडली नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं सोडायला?" एवढंच म्हणाली, आणि जेवताना माझ्याशी बोलली नाही. दुपारी आडवं होताना मात्र तिनं विचारलं, "मग ह्यात आईचं कुठलं?"

मी कोपरा दाखवला. तिनं वाकळ फिरवून घेतली, त्या चार पट्ट्या गालाखाली घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बाकीची वाकळ दिवाणावरून खाली फरशीवर लोळत होती. ती माझी होती. मी ती उचलून तिच्या पायांवर घातली.