आधी पालवी, मग कुऱ्हाड

कोतवाल चावडीवरून झाड तोडायचा परवाना एक वेळ मिळेल, पण आमच्या अल्लाबक्षभाईचा मिळायचा नाही, असं सगळी बुधवार पेठ म्हणायची. मीही म्हणायची. मी तुळजाबाई, त्याच्या भिंतीला भिंत लावून वीस वर्षं राहिलेली. माझ्याइतकी भांडणं त्याच्याशी दुसऱ्या कुणी केली नसतील.

धंद्यानं बागवान. कुणाच्या परसात झाड लावायचं असो की काढायचं, बोलावणं त्यालाच. पण काढायला बोलावलंत की पहिला सवाल, "नवं कुठं लावलंय?" आधी त्याच परसात दुसरं रोप लावायचं. त्याला नवी पालवी फुटली की मगच जुन्यावर कुऱ्हाड. "अहो, रोप मेलं तर?" "मग दुसरं लावायचं." संपलं बोलणं! पेठेतले बाकीचे लाकूडतोडे त्याच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे तेही त्याच्या शब्दाबाहेर नाहीत.

समोरचे गोपाळकृष्णपंत श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरात कारकून. लेकीच्या लग्नाचा मांडव परसात घालायचा, आणि मधोमध आंबा. मुहूर्त आठवड्यावर. पंतांनी काय करावं? कुठूनशी कोवळ्या पानांची डहाळी आणली आणि मातीत खोचून दिली. वर पाणी घालून अल्लाबक्षभाईला हाक मारली, "या, बघून जा, कशी तरारलीय!" त्यानं दोन बोटांनी डहाळी उचलली. सुळकन हातात आली.

"पंत," तो म्हणाला, "मुळं दफ्तरात राहिली का?"

आळी आठ दिवस हसत होती. मांडव आंब्याला वळसा घालून पडला, आणि वरमाईला पंगतीत नेमकं खोडासमोरचं पान आलं. पंतांनी तो राग मनात ठेवला. कारकून तो, विसरतो कसला!

पुढं दोन वर्षांनी, ऐन वैशाखात, आमच्या आळीचा हौद आटला. कात्रजचं पाणी खापरी नळातून यायचं, त्या सुखाची सवय लागून गेलेली. आता पुन्हा घागरी घेऊन नदी गाठायची. माझे गुडघे त्या वेळीच कुरकुरायला लागले होते. गवंड्यानं नळ उकरला तर आत मुळांचा हा एवढा गुंता! मुळं काढली, पण तो म्हणाला, "झाड उभं आहे तोवर पुन्हा शिरतील. झाड गेल्याशिवाय मी नळ सांधत नाही." मुळांचा माग काढत गेला तो थेट अल्लाबक्षभाईच्या परसात, जांभळीपाशी.

ती जांभळ सुगराबीची, त्याच्या बायकोची. कमरजहां पोटात असताना तिनं बी टोचलं होतं. लेक चार वर्षांची झाली आणि सुगराबी तापानं गेली. पुढं त्या पोरीला त्यानं झाडाखालीच भरवून, पुढं फांदीला झोका बांधून, वाढवलं. आता ती जुन्नरला नांदत होती.

पंत लगेच हजर. "काय अल्लाबक्ष, आता आपला नियम काय म्हणतो?"

"तोच," तो म्हणाला. त्याच दिवशी परसाच्या दुसऱ्या टोकाला त्यानं जांभळीचं रोप लावलं आणि उन्हाला आडोसा म्हणून वर पाटी पालथी घातली.

पंधरा दिवस गेले, वीस झाले. रोज कुणीतरी दारात. रोज एकच उत्तर, "अजून नाही." मी तर त्याला नको नको ते बोलले. दुसऱ्याच्या झाडाला नियम लावणं सोपं असतं म्हणाले, आळीतली पोरंबाळं तहानेनं मरू देत, तुमची पालवी सांभाळा म्हणाले. तो खाली मान घालून उभा. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, गप्प!

मला त्या गप्प बसण्याचाच संशय आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नमाजाला गेल्याचं बघून मी परसात शिरले आणि पाटी उचलली.

चार पानं. तांबूस, लुसलुशीत, चांगली बोटभर लांब. आजची-कालची नव्हेत, तीन-चार दिवसांची तरी असतील.

अंगाचा तिळपापड झाला. लबाड मेला! मागं वळले तर दारात तोच उभा. पळाला नाही, की सबब सांगितली नाही.

"कमरजहां उद्या येतेय, तुळजाबाई. तीन वर्षांनी, पोराला घेऊन. जांभळं नुकती रंगलीत." "एकदा आईच्या झाडाखाली बसून खाऊ दे तिला. परवा उजाडताच मी माझ्या हातानं तोडतो."

मी वर बघितलं. फांद्या लगडलेल्या. खाली झोक्याच्या दोरानं झिजलेली फांदी तशीच होती. सुगराबीनं बी टोचलं तेव्हा तांब्याभर पाणी मीच आणून दिलं होतं. मला रडू आलं, काय सांगू!

मी पाटी होती तशी पालथी घातली.

बाहेर ओट्यावर पंत टपलेलेच. "काय तुळजाबाई, बघितलंत? फुटली का पालवी?"

"कुठली फुटतेय!" मी म्हटलं, आणि घागर कमरेवर घेऊन नदीची वाट धरली.