वडिवळ्याची जीप कशानं कलंडली

अलकामावशींवर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या भातलावणीत, एका मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. वडिवळ्याच्या अलीकडे, कालव्याच्या वळणावर जीप कलंडली आणि मावशींचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. हा झाला अपघात. अन्याय त्याच्या पुढचा. दुपारपर्यंत गावभर झालं, की बाया खिदळत एका अंगाला सरकल्या म्हणून गाडी गेली, आणि सरकायला सुरुवात केली अलकानं. मोडका हात सांभाळत बाईनं वर्षभर हे ऐकून घेतलं.

मावशींची भाची पुण्यात आमच्याबरोबर पत्रकं वाटते. उंच गाड्या का उलटतात आणि त्यात माणसं का दगावतात, हे सांगणारी पत्रकं. तिनं ही हकिगत सांगितली तेव्हा माझं डोकंच फिरलं. यंदाची लावणी सुरू झाल्याचं कळलं, तशी शनिवारी सकाळी स्कूटरवर पत्रकांचा गठ्ठा बांधून मी निघाले. आधी लोणावळा, मग वडिवळे.

तळेगाव मागे पडलं की जुन्या हायवेवरची हवा बदलते. डावीउजवीकडे खाचरं (बांध घालून पाणी अडवलेली भाताची शेतं), त्यांत कमरेत वाकलेली माणसं, आणि मागे अर्धे ढगात गेलेले डोंगर. रस्त्यावर मात्र उंच गाड्यांची रांग. टपावर बॅगा, तंबू, घडीच्या खुर्च्या. आणि छताच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेले, हात पसरलेले लोक. गाडी कलंडली तर हे कुठे पडतील, हा विचार त्यांच्या मनात येत नाही. माझ्या येतो, म्हणून मी सहलीला कंटाळवाणी सोबत आहे.

लोणावळ्यात एका पॉइंटच्या पार्किंगमध्ये भाजलेलं कणीस खात पत्रकं वाटली. एका गृहस्थांच्या टपावर चार मोठ्या बॅगा होत्या. मी बोलायला लागले तर म्हणाले, "मॅडम, ही गाडी नाही, रणगाडा आहे. रेटिंग बघा हिचं."

"रेटिंग घेतलं तेव्हा टपावर तुमच्या चार बॅगा होत्या का?"

त्यांची बायको फिसकन हसली. गृहस्थांनी पत्रक घेतलं, त्यात गरम कणीस गुंडाळलं आणि निघून गेले. मी जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिले. मागच्या सीटवर कुणीही पट्टा लावला नव्हता.

दुपारी मागे फिरून कामशेतहून आत वळले. रस्ता अरुंद, आणि डांबराच्या कडेला वीतभर खोल खाच. समोरून टेम्पो आला, मी बाजूला घेतलं, पुढचं चाक खाचेत उतरलं, मी ते हिसका देऊन वर घ्यायला गेले आणि स्कूटरसकट आडवी झाले. गुडघा सोलवटला. पत्रकांचा गठ्ठा ओढ्यात.

मागून येणारी जीप थांबली. चाळिशीचा, पांढरी टोपी घातलेला माणूस उतरला.

"लागलं का ताई? चाक उतरल्यावर असं झटक्यानं वर घेत्यात व्हय?"

"मग कसं घेतात?"

"सरळ जाऊ द्यायची, हळू करायची, मग अल्लाद वर. म्या बी चुकलोय त्यात एकदा. कुटं निघालाय?"

"वडिवळ्याला. अलकामावशींकडं."

त्याचा चेहरा पडला. स्कूटर उचलून देताना म्हणाला, "मी सुभाष. तीच ही जीप." पत्रा ठोकून नवा रंग दिला होता. टपावर लोखंडी कॅरिअर तसंच होतं, जाडजूड, चार बोल्टांवर बसवलेलं.

मावशींच्या ओसरीवर मी हे सांगितलं, तेव्हा त्या खेकड्याचा रस्सा ढवळत होत्या. खाचरातले खेकडे, वाटलेलं खोबरं, आणि सोबत घरच्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात. मी दोनदा मागून घेतला. मावशींची उजवी मूठ अजून नीट वळत नाही. पळी त्या डाव्या हातानं धरतात.

"उद्या आमचीच लावणी हाय," त्या म्हणाल्या. "बाया सुभाषच्याच जीपनं येनार. मला म्हनत्यात, अलके, तू चालत ये बाई, तू बसलीस की गाडी उलटती. हसत्यात. मी बी हसते. करू काय?"

मला हसू आलं नाही. मी त्यांना घेऊन सरळ सुभाषभाऊंच्या अंगणात गेले.

"भाऊ, गाडी बायांमुळं गेली, हे तुम्हाला खरंच वाटतं?"

"सरकल्या व्हत्या त्या."

मावशी पुढे झाल्या. "सुभाष, किती वर्सं मी त्याच बाकावर बसतीया. दर साली हसतो आमी. तवा न्हाई कलंडली ती? गेल्या साली टपावर काय व्हतं, ते सांग की."

"रोपं व्हती. दर साली ट्रॅक्टरनं जात्यात, त्या दिशी ट्रॅक्टर बंद पडलावता." मग माझ्याकडे वळून, "अवो ताई, रोपं म्हंजी गवत. त्याचं काय वझं?"

तिथे पत्रकाचा काही उपयोग नव्हता, आणि पत्रक होतंही कुठे! मावशींनीच विचारलं, "गिरणीवर काटा हाय ना?"

रोपवाटिकेतून नुकत्याच उपटलेल्या मुठी (रोपांच्या बांधलेल्या जुड्या) आम्ही एका पाटीत भरल्या. मुळांना चिखल, पातीतून पाणी निथळतंय. भाताच्या गिरणीचे म्हातारे मालक, त्यांना सगळे आबा म्हणतात, कुरकुरले, "माझ्या काट्यावर चिखल कशाला?" पण पाटी ठेवू दिली.

काटा बावीस किलोवर थांबला.

"आबा, काटा बिघडलाय तुमचा," सुभाषभाऊ म्हणाले.

"तुझ्या लग्नाचा तांदूळ याच काट्यावर तोललाय. तवा बरा व्हता?"

"त्या दिवशी अशा किती पाट्या चढवल्या होत्या?" मी विचारलं.

सुभाषभाऊ बोटांवर मोजत राहिले. "पंधरा... सोळा." मग हिशेब केला. "साडेतीनशे किलो! म्हंजी म्हसच चढवली व्हती की म्या टपावर."

मी बोलले, पण जपून. जीप मुळातच उंच, चाकांमधलं अंतर कमी. वजन खाली असलं की ती पाय रोवून उभी राहते, वजन डोक्यावर गेलं की थोड्या झोलानंही तोल जातो. त्या दिवशी, भाचीनं सांगितलं होतं तसं, समोरून एसटी आली, डावं चाक खाचेत उतरलं, हिसक्यानं वर घेतलं, आणि डोक्यावरची म्हैस डावीकडे झुकली. आतल्या बाया सरकल्या त्या गाडी कलंडल्यावर.

"आडव्या बाकाला पट्टा न्हाई, धराया काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "सरकनार न्हाई तर काय करनार रं?"

सुभाषभाऊ सरळ आपल्या अंगणात गेले, मागोमाग आम्ही आणि आबाही. त्यांनी पाना काढला. दोन बोल्ट निघाले, दोन गंजलेले होते. त्यांनी करवतीचं पातं लावलं. आबा बघत बसले आणि मधूनमधून, "हळू, बोट कापशील," म्हणत राहिले. अंधार पडायच्या आत कॅरिअर अंगणात आडवं पडलं. मावशींनी लगेच विचारलं, "याच्यावर कारल्याचा वेल चढवू का मी? का ते बी वझं हुईल?"

हे बरं झालं, पण मला पुरेसं वाटत नव्हतं. लोखंड उतरलं होतं, आळ तसाच होता.

रविवारी सकाळी देवळापाशी सहा बाया थांबल्या होत्या, डोक्याला पानांची इरली आणि प्लास्टिक बांधून. रोपं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुढे गेली होती. सुभाषभाऊ म्हणाले, "पट्टा हाय तितंच बसायचं. आडव्या बाकावर कुनी न्हाई. दोन खेपा करतो."

"अगं बया! आज लगीन हाय का कुनाचं?" एक जण म्हणाली. "आन् अलके, तू चालतच ये गं. न्हाईतर पुन्यांदा पालथी करशील."

बाया हसल्या. मावशीही सवयीनं हसायला लागल्या. सुभाषभाऊ जीपचं दार धरून उभे होते. त्यांचा आवाज चढला.

"तिनं न्हाई पालथी केली. म्या केली. सोळा पाट्या टपावर टाकून. काल गिरणीवर तोलून बगितलंय, आबांना इचारा. वर्षभर तिला बोलू दिलं, ती बी माझीच चूक."

  मघाचीच ती बाई पुढे आली, मावशींच्या हातातली भाकरीची टोपली तिनं घेतली आणि म्हणाली, "चल, फुडं बस तू. हात सांभाळ."

मावशी पुढच्या सीटवर बसल्या. डाव्या हातानं पट्टा ओढला, खटका लागेना. सुभाषभाऊंनी वाकून तो लावून दिला. कालव्याच्या वळणावर जीप बैलगाडीच्या वेगानं गेली, आणि मागून स्कूटरवर येणाऱ्या मला आतलं हसणं ऐकू येत होतं. चांगलं मोठ्यानं.

दुपारपर्यंत मीही खाचरात उतरले. माझी ओळ वाकडी गेली, म्हणून मावशींनी डाव्या हातानं ती उपटून परत लावली.

संध्याकाळी पुण्याकडे निघाले. पुन्हा तीच रांग, तीच टपं. पण या वेळी मला चीड आली तरी हताश वाटलं नाही. एका माणसानं दिवसाभरात कॅरिअर उतरवलं, खेपा वाढवल्या आणि चारचौघांत चूक कबूल केली. त्यासाठी कुठला कायदा बदलावा लागला नाही, एक पाटी आणि एक काटा पुरला.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या इमारतीखाली उंच गाडी उभी आहे. नसेल, तर भावाची आहे, साहेबांची आहे. हे वाचून झालं की खाली जा. टपावर जे काही बांधलंय ते उतरवा आणि आत, तळाला ठेवा. मावत नसेल तर घरी ठेवा. मागच्या सीटच्या गाद्यांखाली दडलेले पट्टे वर काढा, आणि प्रत्येकानं लावल्याशिवाय किल्ली फिरवू नका. छताच्या खिडकीतून कुणी डोकं काढलं तर गाडी थांबवा. पुढच्या शनिवारी नाही. आज.