पुंजाजीची पळणारी गाडी

पुंजाजी खिल्लारे एसटीतून रिटायर झाला आणि हार-नारळ घेऊन घरी आल्या आल्या म्हणाला, "मला पळणारी गाडी घ्यायची." गावाला हसायला तेवढं पुरलं. आयुष्यभर या माणसानं एसटी इतकी सांभाळून चालवली होती, की औंढ्याला डोळा लागलेल्या म्हातारीला वसमतला हलवून उठवावं लागायचं. त्याला आता म्हातारपणी वेगाचं वेड लागलं. पारावरचा रामकिशन तर तोंडावरच म्हणाला, "पुंजाजीदादा, आता कुठं शर्यत लावता?"

हसणाऱ्यांना कारण ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनच हसले. गावाला हसायला मनाई कोण करणार?

कारण जनकाबाई होती, पुंजाजीची बायको. सहा वर्षांपूर्वी हळदीच्या वावरात भर दुपारी तिच्या छातीत कळ आली. गावात पॅसेंजर जीप चालवणारा तातेराव जीप घेऊन दारात आला. पुंजाजीचा थोरला भाऊ प्रेमदास वसमतला गेला होता. तो आला, मग सगळे बसले आणि नांदेडला निघाले. जनकाबाई पोचायच्या आधीच गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

हे वाक्य पुंजाजीच्या डोक्यात घुसलं ते निघालंच नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दिवसकार्याला जमलेल्या सगळ्या भावकीसमोर तो बोलला, "तातेरावची जीप रखडली. गाडी पळणारी असती तर माझी जनका आज असती." तातेराव तिथंच सतरंजीच्या कडेला बसला होता. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. आधी पेशंट नेणं बंद झालं, मग बाजारचे पॅसेंजरही त्याच्या जीपकडं पाठ फिरवायला लागले. शेवटी जीप भंगारात गेली आणि तातेराव हळद शिजवायच्या कुकरवर मजुरीला लागला. पुंजाजीला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

तर आता गाडी. ज्योती, त्याची लेक, हिंगोलीला शाळेत शिकवायची. तिनं बापाला समजावून पाहिलं, की उंच, आठ जण बसतील अशी गाडी घ्या, आपले रस्ते कसे आहेत. पुंजाजी ऐकेना. नवी पळणारी गाडी त्याच्या पैशात बसत नव्हती, म्हणून बापलेक नांदेडला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथला दलाल हरिचंद एकेक गाडी दाखवायचा. हिचा रंग पाहा, हिची टेप ऐका, हिला मागं कॅमेरा आहे. पुंजाजीचा प्रश्न एकच.

"पळते किती?"

"काका, या वयात कोणाला पळवून न्यायचंय का?" हरिचंद हसत म्हणाला. ज्योती हसली नाही, तेव्हा त्यानं आपलं हसू आवरलं.

मग त्यानं कोपऱ्यातली एक पांढरी गाडी काढली. कुण्या बड्या बापाच्या पोरानं हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर टाकलेली. दाराला पोचा होता, सीटचं कापड फाटलं होतं, आणि बूड इतकं खाली की कुत्रं खालून जाईना. "दिसायला गेली, पण इंजिन पाहा," हरिचंद म्हणाला. पुंजाजीनं ती बायपासला काढली. एसटीच्या इंजिनाला वेगाचं कुलूप असायचं. एका आकड्यापुढं पाय कितीही दाबा, गाडी आपली मुकाट. हिच्यात पाय दाबला तशी गाडी पुढं झेपावली, आणखी दाबला तर आणखी. पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्योतीनं खिडकीबाहेर पाहिलं.

घासाघीस करून गाडी घेतली. उरल्या पैशात पोचा काढला नाही की सीट शिवली नाही. चार नवे टायर घातले, ब्रेक नवे केले. पळणाऱ्या गाडीला थांबताही आलं पाहिजे, एवढं ड्रायव्हरला कळतं. मग रोज सकाळी रिकामी गाडी घेऊन तो नांदेडच्या रस्त्यावर जाऊन यायचा. कुठं खड्डा, कुठल्या गतिरोधकाला बूड घासतं, वसमतच्या गर्दीतून कुठल्या गल्लीनं निघायचं, सगळं पाठ केलं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यावर परिणाम झाला.

पण रामकिशनच्या आईला लकवा मारला, तेव्हा पुंजाजीनं तिला अशी पोचवली की बाई आज काठी टेकत का होईना, भांडायला दारात उभी असते. तेव्हापासून हसणं थांबलं. पुंजाजी आरशासमोर दाढी करताना गुणगुणायला लागला. आपण जनकाचं काहीतरी फेडतोय, असं त्याला वाटायला लागलं होतं.

उन्हाळा लागता लागता गावातल्या ग्यानबाच्या बायकोचा, सखुबाईचा निरोप आला. तिची सून कोमल आठव्या महिन्यात होती आणि सकाळपासून तिच्या अंगावरून रक्त जात होतं. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन लांब गेलेली. पुंजाजीनं हातातला चहा तसाच ठेवला आणि गाडी सखुबाईच्या अंगणात नेऊन, तोंड रस्त्याकडं करून, चालूच ठेवली. मागचं दार उघडून उभा राहिला.

कोणी बाहेर येईना.

"वहिनी, आणा लवकर पोरीला!"

सखुबाई उंबऱ्यात आली. "मालक वसमतला गेलेत हळद घेऊन. फोन केला. येऊनच राहिले."

"अहो, वसमतवरनंच तर जायचं हाय! ग्यानबाला तिथं रस्त्यात घेऊ."

"घरचं माणूस आल्याबिगर सुनंला कसं गाडीत घालू, भाऊ? माझा वैजनाथ तिकडं पुण्याला. उद्या काही इकडं-तिकडं झालं तं समदे मलाच पुसतील. आलेच ते. तवर गाडी बंद करा, काहून तेल जाळून राहिले?"

पुंजाजीचा दारावरचा हात तसाच राहिला.

हेच. हेच शब्द. फक्त ते तेव्हा त्याच्याच तोंडातून निघाले होते. तातेराव जीप चालू ठेवून असाच दार उघडून उभा होता. "दादा, वसमतवरनंच जायचं हाय, प्रेमदासदादाला तिथं घेऊ," म्हणत होता. आणि पुंजाजी त्याच्यावर खेकसला होता, "मोठा भाऊ आल्याबिगर कसं न्यावं? तू तुझी गाडी बघ. बंद कर ती, डिझेल जाळू नको." तातेरावनं किल्ली फिरवली होती. मग प्रेमदासची वाट पाहत सगळे बसले, आणि आत जनकाबाई कण्हत होती.

सहा वर्षं त्याला जीपचा प्रत्येक गिअर आठवत होता. हे मात्र त्यानं कुठं गाडून टाकलं होतं कोण जाणे.

"वहिनी, पाया पडतो तुमच्या," तो म्हणाला. सखुबाई रडायला लागली, पण बाजूला झाली नाही. बौद्धवाड्यातल्या पुंजाजीनं त्या घराचा उंबरा जन्मात ओलांडला नव्हता. आज ओलांडावा, पोरीला उचलून आणावं, असं त्याच्या मनात आलं. पाय हलले नाहीत. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी हलले नाहीत. त्यानं हॉर्न दाबला. दाबतच राहिला. शेजारच्या बायका जमल्या आणि उभ्या राहिल्या.

ग्यानबा कुणाच्या तरी मोटरसायकलवर धुळीनं भरून आला तेव्हा सावल्या सरकल्या होत्या. मग मात्र सगळं भराभर झालं. कोमलचं डोकं सखुबाईच्या मांडीवर, ग्यानबा पुढं. पुंजाजीनं गाडी अशी हाकली की ग्यानबा दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला. खड्डे चुकवले, गल्ली धरली, मोंढ्याजवळून गाडी निघाली. अर्ध्या दिवसापूर्वी ग्यानबा तिथंच हळदीच्या पोत्यावर बसला होता. त्यानं त्या बाजूला मान वळवली नाही.

"मामा, पोचू ना?" मागून कोमलनं विचारलं. पोरगी विशीतली होती.

"पोचलोच, माय."

गाडी कधी पळाली नव्हती एवढी पळाली. कोमलला स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा ती डोळे उघडे ठेवून होती. दिवस मावळायच्या आत डॉक्टर बाहेर आले. लेकरू पोटातच गेलं होतं, आणि आईलाही वाचवता आलं नाही. "थोडं आधी आणायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

काचेतून आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडं ग्यानबानं एकदा पाहिलं. पुंजाजीला ते पाहणं चांगलंच ओळखीचं होतं.

दहाव्याला ग्यानबाच्या अंगणात माणसं बसली होती. पुंजाजी कडेला होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर तातेराव. हळदीनं पिवळी झालेली बोटं गुडघ्यावर ठेवून बसलेला. वैजनाथनं डोकं भादरलं होतं. तो एकदम म्हणाला, "सकाळी तकलीफ सुरू झाली म्हणता. मंग पोचायला एवढा उशीर कशानं झाला?"

आतल्या दाराशी सखुबाई उभी होती. तिनं पदर तोंडात धरला. ग्यानबाचे ओठ हलले. "गाडी..." एवढंच तो बोलला आणि थांबला.

सगळ्यांनी पुंजाजीकडं पाहिलं. खरं काय ते त्याच्या जिभेवर होतं. एक वाक्य बोलायचं की सुटला. पण मग हा पोरगा या आईच्या हातचं पुन्हा जेवेल का? हा म्हातारा उद्या विहिरीकडं गेला तर?

"चढाला बसली माझी गाडी," पुंजाजी म्हणाला. "जुनी हाय, बाबा."

"मंग कशाला नेता असल्या गाडीत माणसं?" वैजनाथ ओरडला. "शौक करता म्हातारपणी? माझी कोमल गेली की हो!"

पुंजाजीनं मान खाली घातली. आणि तशीच घातलेली असताना त्याला कळलं, की शेजारच्या माणसानं सहा वर्षांपूर्वी आपल्यासाठी काय केलं होतं.

माणसं उठली. दोघं गावाबाहेरच्या वाटेला लागले, न ठरवता, एकामागं एक. कुकरच्या भट्टीजवळ आल्यावर पुंजाजी थांबला.

"तातेराव, त्या दिवशी तुझी जीप कशी पळाली होती रे?"

तातेरावनं खाली पडलेलं लाकूड उचलून भट्टीत सारलं. त्याची पाठ पुंजाजीकडं होती.

"चांगली पळाली होती, दादा," तो म्हणाला.